रविवारी रेंजवर जाण्याआधी: १० मीटर एअर पिस्तूलची तयारी

तयारी शनिवारी रात्रीच उरकून घ्या. सकाळच्या घाईत भरलेल्या बॅगेत काहीतरी राहतंच. सगळ्यात आधी पिस्तुलाच्या हवेच्या सिलेंडरचा गेज (दाब दाखवणारा काटा) बघा आणि दाब कमी असेल तर भरून घ्या. एका जिल्हा स्पर्धेत मी तो न बघताच लेनवर उभा राहिलो होतो. चाळिसाव्या शॉटनंतर पेलेट (शिशाचे छर्रे) खाली खाली लागायला लागले आणि कितीतरी वेळ मी मनगटालाच दोष देत राहिलो. गेजवर नजर गेली तोवर दोन सिरीज (दहा-दहा शॉटचे गट) हातच्या गेल्या होत्या. सिलेंडरवरची तारीखही वाचा. मुदत संपलेल्या सिलेंडरमध्ये हवा भरायची नाही, मग तो दिसायला कितीही चांगला असो.

ग्रिपचे (मुठीचे) आणि साइटचे (नेम धरायच्या खुणेचे) स्क्रू हाताने तपासा, ॲलन की बॅगेत टाका. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल ऐन वेळी बिघडलं आणि हातातली मिनिटं निघून गेली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्यपदक घेऊन आली. यंत्र कुणाचंही बिघडू शकतं, आपल्याकडून निदान सैल स्क्रू तरी राहू नये.

पेलेट ४.५ मिलिमीटरचे, सपाट तोंडाचे घ्या. डबीतले थोडे पेलेट ताटलीत काढा आणि उजेडात एकेकाची मागची पातळ कड बघा. शिसं मऊ असतं, डबी एकदा पडली तरी कडा चेपतात. चेपलेला पेलेट बाजूला काढा. बाकी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी), ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोरची पट्टी), टोपी, नॅपकिन, पाणी, एखादं केळं, डायरी आणि पेन. बूट सपाट तळव्याचे हवेत. घोटा झाकणारे बूट पिस्तूल प्रकारात चालत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे घरची ड्राय प्रॅक्टिस, पेलेट न भरता केलेला सराव. माझं स्पष्ट मत आहे की स्कोअर भिंतीसमोर वाढतो, रेंजवर तो फक्त कळतो. पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, ड्राय मोड (हवा न सोडता ट्रिगर दाबता येतो ती सोय) लावा आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहा. टार्गेट लावू नका. नजर फक्त पुढच्या साइटवर ठेवा. मागच्या खाचेत ती मधोमध आहे का, दोन्ही बाजूंची उजेडाची फट सारखी आहे का, वरची कड एका रेषेत आहे का, एवढंच बघा. याचं गणित एकदा समजलं की मन भटकत नाही. सगळा हात एक मिलिमीटर सरळ बाजूला सरकला, तर पेलेटही टार्गेटवर एकच मिलिमीटर सरकतो. पण दोन साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असताना पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर जरी कलली, तरी १० मीटरवर पेलेट सुमारे ३० मिलिमीटर लांब जातो. दहाचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे दहाचा शॉट सातात गेला. हात थोडा डोलणारच, त्याची काळजी सोडा. साइट कलू द्यायची नाही.

ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, नियमाने किमान ५०० ग्रॅम, साधारण अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीइतकं. ट्रिगरचा पहिला, हलका टप्पा हात खाली येतानाच घ्या, दुसऱ्यावर दाब हळूहळू वाढवत न्या. शॉट सुटताना पुढची साइट जागची हलली नाही तर ड्राय बरोबर झाला. रोज वीस मिनिटं पुरेत, मात्र रोज.

रेंजवर पोहोचल्यावर नळी कायम टार्गेटच्या दिशेने ठेवा आणि हुकूम होईपर्यंत फ्लॅग काढू नका. उभं राहताना डोळे मिटून हात उचला, मग डोळे उघडा. हात टार्गेटच्या उजवीकडे किंवा डावीकडे गेला असेल तर मनगटाने ओढून आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा. पहिले वीस शॉट टार्गेटची कोरी बाजू लावून मारा आणि फक्त ग्रुप (सगळ्या छिद्रांचा पुंजका) बघा. ग्रुप लहान असेल तर साइट सरकवणाऱ्या स्क्रूचे क्लिक फिरवायला अर्थ आहे, पसरलेला असेल तर क्लिकला हात लावू नका.

मग घड्याळ लावून सिरीज सुरू करा. स्पर्धेत ६० शॉटला ७५ मिनिटं, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट मिळतं. तेवढ्यात हात खाली घेऊन पुन्हा उचलायला भरपूर सवड असते. तरीही नवशिके शॉट न मारता सोडून द्यायला तयार नसतात. नजर थकली, श्वास अडकला, की बोट ट्रिगरवरून काढून हात खाली आणा. हे जमावं म्हणून मी दर सिरीजमध्ये एक शॉट मुद्दाम न मारता सोडून द्यायला लावतो. शॉट सुटल्यावर दोन सेकंद हात तसाच ठेवा आणि मॉनिटर बघायच्या आधी मनात सांगा: नऊ, डावीकडे. अंदाज आणि मॉनिटर जुळू लागले की तुम्हाला स्वतःची चूक दिसायला लागली.

२५ मीटरकडे वळायचं असेल तर तयारी वेगळी. .२२ पिस्तुलाला परवाना लागतो, कानाला संरक्षण लागतं, आणि रॅपिडमध्ये (झटपट शॉटच्या टप्प्यात) टार्गेट समोर येतं तीन सेकंद. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये शूट-ऑफमध्ये (बरोबरी तोडणाऱ्या जादा शॉटमध्ये) सुवर्ण जिंकलं. आपल्याच मातीतली ही मुलगी तिथवर गेली, याचा मला आजही फार अभिमान वाटतो.

परत निघण्याआधी हात साबणाने नीट धुवा. बोटांवर शिशाचा करडा थर असतो, तसेच वडापावला हात लावू नका. मग डायरी उघडा, स्कोअरआधी हे लिहा: कुठल्या शॉटला नजर टार्गेटवर गेली, किती शॉट सोडले, सोमवारी भिंतीसमोर काय करायचं.