पावसाळ्यानंतर जुनी बाईक चालू होत नाहीये? पार्ट बदलायच्या आधी हे घरीच बघा

ऑक्टोबर लागला की ठाण्यात कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी जुनी स्प्लेंडर, पॅशन नाहीतर सीडी हंड्रेड दिसतेच, जी अख्खा पावसाळा कोपऱ्यात उभी होती आणि आता किकवर किक मारल्या तरी उठत नाही. मग ती ढकलत गॅरेजला न्यायची, तिथे प्लग बदला, कॉइल बदला, शेवटी कार्ब्युरेटरच (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नवीन टाका असं होत जातं. यात मेकॅनिकचा दोष आहे असं नाही, त्याच्यापुढे गाड्यांची रांग असते, बदलून बघणं त्याला पटकन पडतं. आपल्याकडे मात्र रविवारची सकाळ मोकळी असते, म्हणून आपण आधी शोधायचं आणि मगच खर्च करायचा.

हे सगळं मी कार्ब्युरेटरवाल्या, किक असलेल्या १०० सीसी फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल सांगतोय. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांमध्ये बहुतेक फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे यातलं कार्ब्युरेटरचं काही लागू होत नाही.

सामान फार लागत नाही. १०, १२, १४, १७ चे रिंग पाने, प्लगपाना, पकड, बरोबर मापाचे स्क्रू ड्रायव्हर (चुकीचा लावला की कार्ब्युरेटरच्या मऊ स्क्रूचं तोंड गेलंच समजा), जुने सुती कपडे, एक प्लास्टिकची बाटली. धुवायला रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, हवा खेळती असेल तिथे, आणि आसपास कोणी सिगरेट ओढत नाही ना ते बघा.

गाडी चालू व्हायला पेट्रोल, ठिणगी आणि हवा लागते, तर त्याच क्रमाने जाऊ.

आधी पेट्रोल. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला ड्रेनचा स्क्रू असतो तो ढिला करा आणि जे येतं ते पारदर्शक बाटलीत धरा. दोन मिनिटं तशीच ठेवून तळ बघा, तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी आहे. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की पाऊस आत जातो, आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतात. अशा वेळी वाटी रिकामी करून भागत नाही, टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून ताजं टाकावं लागतं. कॉक उघडून पाइपातून धार नीट येते का तेही बघा, थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी गंजाने भरली आहे. पाइप फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर तो मात्र लगेच बदला, त्यात काटकसर करू नका, गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आग.

मग ठिणगी. प्लगभोवतीची माती आधी फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये पडते. प्लग काढून परत कॅपमध्ये बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या पात्याला टेकवून धरा (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते) आणि किक मारा. निळी, टचटच वाजणारी ठिणगी आली तर कॉइलला हात लावायची गरज नाही. पिवळट, मरगळलेली आली किंवा आलीच नाही तर आधी कॅप फिरवून काढा, वायरचं टोक हिरवं पडलेलं असेल, अर्धा सेंटीमीटर कापून परत बसवा. पावसात गेलेल्या गाडीत इथेच बऱ्याचदा काम होतं. टाकीखालचे कनेक्टर पण एकेक करून काढून पुसा. जुन्या स्प्लेंडरची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते, त्यामुळे हॉर्न वाजत नाही म्हणून बॅटरी घेऊन आलात तर किकचा प्रश्न तसाच राहील.

प्लगचा रंग नीट वाचा, फार काही सांगतो तो. चॉकलेटी म्हणजे सगळं ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल जळतंय, एकदम पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर डिझेलमध्ये धुऊन दाबून काढा, पिळू नका, फाटतो, मग थोडं इंजिन ऑइल लावून परत दाबा आणि बसवा. कागदाचा असेल तर धुवायचा नाहीच, बदलायचा. घोडबंदर रोडची बांधकामाची धूळ बघता कंपनीने सांगितलंय त्याच्या आधीच उघडून बघत जा.

आता कार्ब्युरेटर. एक खूण लक्षात ठेवा: चोक ओढून गाडी चालू होते आणि चोक सोडला की बंद पडते, तर पायलट जेट (इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) बुजलाय. गाडी नुसती उभी असताना कार्ब्युरेटरच्या खालच्या पाइपातून पेट्रोल गळतं, तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) अडकली आहे, वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळू टकटक केलं तरी कधी कधी सुटते. उघडायचं ठरवलंत तर प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, आणि एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा, परत बसवताना आत टेकवून तेवढेच फेरे बाहेर. जेटमध्ये सुई किंवा टाचणी घालू नका, पितळेचं भोक मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं गेलं. क्लीनरचा स्प्रे मारा आणि जेट उजेडात धरा, भोकातून गोल प्रकाश दिसला पाहिजे.

गाडी पाण्यात बुडाली असेल, म्हणजे वंदना टॉकीजजवळ तुंबतं तशा पाण्यात सायलेन्सर आणि फिल्टर खाली गेला असेल, तर किक मारूच नका. आधी प्लग काढा, मग किक मारून आतलं पाणी बाहेर काढा, आणि ऑइलची काडी बघा. ऑइल दुधासारखं पांढरट झालं असेल तर ते काढून नवीन भरल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. स्प्लेंडरला ९०० मिलीचा डबा मिळतो, पण ओतताना काडी बघत ओता, आणि काडी आटे न फिरवता नुसती टेकवून लेव्हल बघायची. ड्रेन बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यात जातो, जोर लावून आवळलात तर आटे निघून येतात. काढलेलं ऑइल गटारात अजिबात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या, ते घेतात.

चालू झाली म्हणून लगेच रस्त्यावर काढू नका, चेन आणि ब्रेक बघायचे राहिलेत. चेन साफ करताना इंजिन बंद आणि चाक हाताने फिरवायचं. इंजिन गिअरमध्ये ठेवून फिरत्या चेनला कपडा लावणारे लोक बोटं गमावतात, हे खरंच होतं. चेन साधारण २५ मिलीमीटर वरखाली हलली पाहिजे, आणि हे चाक फिरवून जिथे ती सगळ्यात घट्ट आहे तिथे मोजा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. चेनलॉक काढला असेल तर त्याच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला आलं पाहिजे. नंतर ९० नंबर गिअर ऑइल थोडंसं, जास्तीचं पुसून टाका.

मागचा ड्रम उघडलात तर आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकच्या कॅमला (शू फाकवणारा दांडा) नखाएवढं ग्रीस, शूला अजिबात नाही. क्लच आणि ब्रेकच्या केबलमध्ये वरून पातळ ऑइलचे थेंब सोडा, तार तुटायला आली असेल तर बदला, गायमुखच्या उतारावर ती तुटायची वाट बघू नका.

व्हॉल्व्हचा आवाज, टायमिंग चेन, क्लच प्लेट, हँडलचा कोन सेट (बेअरिंग) ही कामं मी घरी करायला सांगणार नाही, त्याला वेगळे पाने आणि हात बसलेला लागतो. पण जाताना मेकॅनिकला सांगा की ठिणगी निळी आहे, पेट्रोल ताजं आहे, जेट साफ केलाय, म्हणजे तो सरळ पुढच्या गोष्टीवर जाईल.

पहिली चक्कर जवळच मारा, उपवनपर्यंत जाऊन या. आल्यावर दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, ब्रेक न वापरता एखादा तापला असेल तर शू घासतोय, ॲडजस्टिंग नट एक फेरा ढिला करा. ॲक्सलचे नट परत आवळून बघा, आणि इंजिन थंड झालं की प्लग काढून रंग बघा.