मार्चअखेर परदेशातील व्हिडिओ कॉलची आठवण एक तास आधी वाजते: माझा अनुभव

मुलाचे कुटुंब म्युनिकला स्थायिक झाल्यापासून नाशिकच्या आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातला नातीशी व्हिडिओ कॉल ठरलेला आहे. मार्च संपत आला, की कॅलेंडरमधील आठवण साडेसहाला, ऐन दिवेलागणीला, वाजू लागे आणि निरंजनाची वात लावणाऱ्या नातीच्या आजीची धांदल उडे. फोन बंद-चालू केला, ॲप पुन्हा टाकले, वेळ हाताने बदलली, तरी ऑक्टोबरअखेर पुन्हा घोळ होई, आठवण उलट एक तास उशिरा वाजे. याचा फार मनस्ताप झाला.

कारण असे, की जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे नेतात. त्यामुळे आपल्यातील अंतर हिवाळ्यात साडेचार तास, तर उन्हाळ्यात साडेतीन तास असते. मुलाने नोंद तिकडच्या दुपारी तीनच्या वेळेने केली होती.

उपाय नोंद करणाऱ्याच्याच फोनवर करावा. गूगल कॅलेंडरमध्ये ती नोंद उघडून संपादनात जावे, टाइम झोनच्या ओळीवर भारतीय प्रमाणवेळ निवडावी, त्यानंतरच वेळ संध्याकाळी ७:३० करावी आणि जतन करताना ‘ही व यापुढील सर्व’ अशा अर्थाचा पर्याय घ्यावा. मग दोन्ही फोनांवर एप्रिलची व नोव्हेंबरची एकेक तारीख उघडून पाहावी. नाशिकला दोन्हीकडे साडेसातच दिसले पाहिजेत, म्युनिकला अनुक्रमे चार आणि तीन. नातीच्या शाळेच्या नोंदी मात्र जर्मन वेळेवरच राहू द्याव्यात.