मूनकेक दोन दिवस मुरू द्या
चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला घरचे सगळे जमून चंद्र बघतात, मूनकेक, म्हणजे आत सारण भरून भाजलेले छोटे केक, वाटून खातात. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताच्या पद्धतीचे मूनकेक घरी करणार असाल तर दोन-तीन दिवस आधीच भाजा. ताज्या केकचं कवच कडक, कोरडं लागतं. पूर्ण गार करून हवाबंद डब्यात ठेवलं की सारणातलं तेल कवचात झिरपतं आणि ते मऊ, चकचकीत होतं. घाई नकोच, खरी चव या मुरण्यात आहे. कमळबियांचं सारण गोड आणि जड, म्हणून एका केकचे आठ तुकडे करा. दर कापाला सुरी पुसा. म्हणजे सारणात ठेवलेला खारवलेल्या अंड्याचा केशरी बलक स्वच्छ दिसतो. सोबत बिनसाखरेचा चहा आणि पपनस. त्याच्या सालीची टोपी मुलांच्या डोक्यावर हवीच!