मशीन का थांबलं? वहीला विचारा

भोसरीत आमची तीन सीएनसी लेथची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कातणाऱ्या मशीनची) शेड आहे. डेटा अ‍ॅनालिटिक्सचा विषय निघाला की मंडळी आधी सॉफ्टवेअरची किंमत विचारतात. मी दोनशे पानी वहीपासून सुरुवात केली. तुम्हीही तशीच करा.

प्रत्येक मशीनला एक वही सुतळीनं बांधा. (पेनही बांधा, नाहीतर दुपारपर्यंत गायब.) मशीन थांबलं की ऑपरेटरनं लिहायचं: कधी थांबलं, कधी सुरू झालं, जॉब कुठला, कारण काय. कारणांना नंबर द्या. १ सेटिंग, २ इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदल, ३ मटेरियल नाही, ४ इन्स्पेक्शनची वाट, ५ लाइट गेली, ६ बिघाड. ‘इतर’ ठेवू नका. मी ठेवलं होतं, पहिल्या पंधरवड्यात अर्धी वही त्यानंच भरली.

आणि वही बघून कुणाला झापू नका. मी एका पोराला झापलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिन्ही मशीन कागदावर अखंड चालायला लागली!

आता हिशोब. शिफ्ट ४८० मिनिटं, जेवण-चहाची ३० वजा, राहिली ४५०. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ३ मिनिटं. नग निघाले ८४, त्यातले ४ रिजेक्ट. चांगले ८० गुणिले ३, म्हणजे २४० मिनिटं. ४५० पैकी २४०, साधारण ५३ टक्के. मोठ्या कंपन्यांत ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता) म्हणतात तो आकडा हाच. बुडालेल्या २१० पैकी १३५ मिनिटं वहीत सापडली, १२ रिजेक्ट नगांत गेली. उरलेली ६३ कुणीच लिहीत नाही: फीड ओव्हरराइड (टूल सरकण्याचा वेग कमी-जास्त करायचा नॉब) खाली केलेला असतो, नाहीतर चिप (धातूचा कीस) काढायला मिनिटभर थांबलेलं असतं. त्यासाठी तासभर स्वतः मशीनपाशी उभं राहावं लागतं.

महिनाअखेरीस वही गुगल शीटमध्ये चढवा आणि पिव्होट टेबल लावा. ओळींत कारण, समोर मिनिटांची बेरीज. किती वेळा थांबलं याला फार महत्त्व देऊ नका.

इन्सर्ट बदलण्यातच वेळ जातो, असं मी छातीठोक सांगायचो. निघाला ४ नंबर, इन्स्पेक्शनची वाट. तीन मशीनला मिळून बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) एक, तो कपाटात, कपाटाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात आणि सुपरवायझर टपरीवर. दुसरा गेज घेतला, किल्ली खिळ्याला अडकवली. चौथ्या लेथचं कोटेशन तेव्हापासून खणातच आहे.

सध्या १ नंबर, म्हणजे सेटिंग, सगळ्यात वर आहे. पुढच्या जॉबचे सॉफ्ट जॉ (नग पकडायचे मऊ जबडे) आणि टूल आदल्या शिफ्टलाच ट्रॉलीवर काढून ठेवायला लागलोय.