आधी कोयंडा, मग कॅमेरा: कमी पैशात घर कसं सुरक्षित करायचं

आमच्या घरी घरफोडी झाली त्याला आता सहा वर्षं होतील, मे महिन्याची सुट्टी होती, आम्ही सगळे मामाकडे लग्नाला गेलेलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन, "अगं तुमचं दार उघडं कसं दिसतंय?" परत आलो तेव्हा दारात जे बघितलं ते अजून डोळ्यापुढून जात नाही. कुलूप फोडलेलंच नव्हतं. बाबांनी मुद्दाम भारीतलं सात लिव्हरचं कुलूप आणलेलं, ते लावलं होतं तसंच्या तसं, फक्त कोयंड्यासकट निघून पायपुसण्यावर पडलेलं. कोयंड्याचे चार स्क्रू त्यालाच लटकत होते, प्रत्येक जेमतेम पाऊण इंचाचा, आणि टोकांना चौकटीच्या लाकडाचा भुसा चिकटलेला. पंचनाम्याला आलेले हवालदार ते बघून म्हणाले, ताई, कुलूप तोडत कोण बसतंय, कटावणी घालून एक हिसका दिला की काम झालं.

पेपरात आपण रोज वाचतो, "बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून ऐवज लंपास", वाचून पान उलटतो, पण ते वाक्य नीट वाचलं तर सगळं त्यातच आहे. बंद घर, आणि कोयंडा. म्हणून सुट्टीच्या आधी कोणी मला विचारलं की कॅमेरा कुठला घेऊ, तर मी आधी विचारते तुझ्या कोयंड्याचे स्क्रू किती लांब आहेत ते बघितलंस का. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि एक स्क्रू काढून बघाच. दहातल्या आठ घरांत तो बोटाच्या पेरापेक्षा छोटा निघेल असं माझं मत आहे.

आता करायचं काय. कोयंडा स्क्रूवर ठेवायचाच नाही. दाराच्या बाजूला जी पट्टी असते तिला आरपार भोक पाडून गोल डोक्याचे बोल्ट टाकायचे, डोकं बाहेर आणि नट घरातल्या बाजूला, नटाखाली मोठा वायसर किंवा सरळ एक लोखंडी पट्टीच, म्हणजे बाहेरून ओढलं तरी नट लाकडातून निसटत नाही. बाहेरचं डोकं गुळगुळीत असल्याने पान्याला पकडायला काही मिळत नाही. चौकटीच्या बाजूला आरपार जाता येत नाही, तिथे अडीच इंची स्क्रू, आणि आधी बारीक ड्रिल मारून घ्यायचं, नाहीतर जुनं सागवान चिरतं. सुतारकाकांनी स्क्रूला अंगाचा साबण चोळून पिळले, म्हणाले स्क्रू घुसतो छान. सगळं सामान मिळून तीनशेच्या आत आणि काकांची मजुरी पाचशे, अर्ध्या दिवसात काम झालं. आमच्या दारात गेलेला हा सगळ्यात चांगला पैसा.

दार स्वतः कसं आहे तेही बघा. बिल्डरने दिलेलं फ्लश डोअर असेल तर मधोमध ठोकून बघा आणि मग लॅचच्या जवळ ठोकून बघा, आवाज पोकळ आला तर तिथे दोन्ही बाजूंनी जाड पत्र्याची पट्टी मारून घ्या, नवीन दाराची गरज नाही. सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर त्याच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात, पिन वर ठोकली की दार कुलपासकट बाजूला, त्यामुळे वेल्डरकडून प्रत्येक पिनच्या टोकाला एक टाका मारून घ्या, ग्रिलच्या दुसऱ्या कुठल्या कामाला आला असेल तेव्हा तो हे चहाच्या पैशात करून देतो.

आता लटकणाऱ्या कुलपाबद्दल. बाहेर कुलूप लटकतंय म्हणजे घरात कोणी नाही ही पाटी आपणच लावतो. जिन्यातून वर जाणारा कोणीही माणूस, कुरिअरवाला म्हणून आलेला का होईना, एका फेरीत सांगू शकतो कुठली घरं बंद आहेत. म्हणून जमेल तेव्हा दाराच्या आतच बसणारं लॅच वापरा, बाहेरून नुसतं चावीचं भोक दिसतं, आत माणूस आहे की नाही कळत नाही. पण लॅचला एक गोष्ट लक्षात ठेवा, दार नुसतं ओढून घेतलं की ते लागतं आणि आपण निघतो, तेव्हा फक्त स्प्रिंगवालं तोंड अडकलेलं असतं, ते पातळ पट्टीनेसुद्धा मागे सरकू शकतं. चावी फिरवून आतला बोल्ट पूर्ण बाहेर आला पाहिजे, काहींना दोनदा फिरवावी लागते. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः कॉलेजला पळणाऱ्या मुलांना, हे एकदा दार उघडं ठेवून दाखवा, बोल्ट बाहेर येताना डोळ्याने बघितला की मग विसरत नाहीत.

आणि चावी. पायपुसण्याखाली, चपलांच्या स्टँडमध्ये, मीटरच्या डब्यात, तुळशीच्या कुंडीखाली. ह्या चार जागा मला माहिती, तुम्हाला माहिती, आणि त्यालाही. जादा चावी शेजारी द्या नाहीतर जवळच्या नातेवाईकाकडे ठेवा. नवीन भाड्याच्या घरात राहायला गेलात तर आधीच्या भाडेकरूकडे, त्याच्या कामवाल्या मावशींकडे किती चाव्या फिरतायत माहिती नसतं, मालकाला विचारून लॅचचा नुसता सिलिंडर बदलून घ्या, अख्खं लॅच बदलायची गरज नाही.

अजून एक गोष्ट, ही आमच्याकडे झाली आणि नंतर पेपरात पण कितीतरी वेळा वाचली. चोर आमच्या दाराशी काम करत होते तेव्हा समोरच्या दोन्ही घरांना त्यांनी बाहेरून कड्या लावून टाकल्या होत्या. काकूंना रात्री आवाज आला होता, त्या उठल्या, दार उघडेना, त्यांना वाटलं लाकूड फुगलंय, मे महिन्यात! सकाळी दूधवाल्याने कडी काढली. म्हणून मुख्य दाराला बाहेरून जी जुनी कडी असते ती वापरात नसेल तर काढूनच टाका. आगीच्या वेळी पण तिचा धोका आहेच, कोणी पोराने गमतीत लावली तरी तुम्ही आत अडकाल. खर्च शून्य.

खिडक्या. तळमजला, पहिला मजला आणि गच्चीखालचा मजला, ह्यांनी जास्त काळजी घ्यायची, वरच्या मजल्यावर गच्चीतून उतरतात हे लोक विसरतात, गच्चीचं दार रात्री बंद करायची जबाबदारी सोसायटीत कोणा एकावर नावानिशी द्या. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीला कंपनीचं जे छोटं लॉक असतं ते फारसं कामाचं नाही, त्यापेक्षा खालच्या पन्हाळीत मापाने कापलेला झाडूचा दांडा आडवा टाकून ठेवा, खिडकी बाहेरून सरकणारच नाही. आमच्याकडे आईने जुन्या मॉपचा दांडा कापून तीन खिडक्यांचं काम भागवलं. पण सरकती काच उचलून पण काढता येते, म्हणून वरच्या पन्हाळीत एक-दोन स्क्रू अर्धवट बाहेर ठेवून मारा, म्हणजे काचेला वर उचलायला जागा राहत नाही.

बाथरूमची खिडकी सगळ्यात दुर्लक्षित. त्या काचेच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्या नुसत्या पत्र्याच्या खाचेत अडकवलेल्या असतात, बाहेरून खाच वाकवायची आणि एकेक पट्टी ओढून काढून ठेवायची, आवाजसुद्धा होत नाही. ड्रेनेजचा पाईप नेमका त्याच खिडकीशेजारून जातो. तिथे बाहेरून लोखंडी ग्रिल हवंच, ते परवडत नसेल तर निदान सिलिकॉन किंवा एम-सील लावून पट्ट्या खाचेत पक्क्या करून टाका.

ग्रिल बसवताना एकच विनंती, निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारं छोटं दार ठेवा, आणि त्याच्या कुलपाची चावी त्याच खोलीत, पण खिडकीतून हात घालून पोचणार नाही अशा जागी, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या खिळ्यावर. चोराला बाहेर ठेवायच्या नादात आगीत माणसं आत अडकली तर त्या ग्रिलचा काय उपयोग.

उजेड स्वस्त आहे. दाराबाहेर आणि मागच्या गल्लीत माणूस आला की लागणारा सेन्सरचा एलईडी बल्ब, दोन-तीनशेत मिळतो, साध्या होल्डरमध्ये बसतो. गावाला जाताना हॉलचा दिवा चोवीस तास चालू ठेवून जातात काही जण, मला ते पटत नाही, दुपारी बारा वाजता चालू दिसणारा दिवा उलट सांगतो की घरात कोणी नाही. त्यापेक्षा अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडलं की बंद होणारा बल्ब घ्या, किंवा स्मार्ट प्लग लावून मोबाईलवरून संध्याकाळी सातला लावा, अकराला बंद करा. दाराला लावायचा चुंबकाचा अलार्म पण मिळतो, दोन तुकडे, एक दारावर एक चौकटीवर, दार उघडलं की जोरात वाजतो, सेलवर चालतो, एकटं राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी मी तो नक्की सुचवेन, रात्री झोपताना चालू केला की झालं. त्यांच्या दाराला भिंग आणि साखळी नसेल तर तेही त्याच दिवशी बसवून द्या.

बंद घर बंद दिसू नये ह्यासाठी शेजार लागतो, त्याला दुसरा पर्याय नाही. पेपर आणि दूध बंद करायला तर सांगाच, पण मी निघताना काकूंकडे चावी देते आणि त्या दिवसाआड येऊन झाडांना पाणी घालतात, दारापुढची पत्रकं उचलतात, गॅलरीत दोन टॉवेल वाळत टाकतात आणि संध्याकाळी काढतात. त्या गावाला गेल्या की मी तेच करते. आणि फोटो परत आल्यावर टाका. "गोवा डायरीज" स्टेटसला लावलं की आपल्या यादीतल्या पाचशे जणांना कळतं घर चार दिवस रिकामं आहे, त्यातले किती जण आपल्या खरंच ओळखीचे असतात? लांब जाणार असाल तर जवळच्या पोलीस चौकीत सांगून ठेवा, रात्रीच्या गस्तीत एक चक्कर तरी होते.

कॅमेऱ्याचं आता बोलते, कारण तो वाईट नाहीये, फक्त तो चोराला अडवत नाही. दीड-दोन हजारात वायफाय कॅमेरा आणि वर मेमरी कार्ड, एवढ्यात दारासमोरचं रेकॉर्डिंग मिळतं. पण लाईट गेली की राउटर बंद आणि कॅमेराही आंधळा, म्हणून कॅमेरा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, किंवा त्यांना चालेल असा छोटा यूपीएस. आणि आल्या आल्या पासवर्ड बदला, कंपनीने दिलेला पासवर्ड ठेवू नका, आणि बेडरूममध्ये कॅमेरा लावूच नका. त्याचं तोंड शेजाऱ्यांच्या दारात जात नाही ना बघा, आधी विचारा त्यांना, ज्या माणसांच्या भरवशावर आपण घर सोडून जाणार त्यांनाच दुखवून कसं चालेल. सोसायटीत सगळ्यांनी मिळून गेट आणि जिना एवढ्या दोनच जागी चांगले कॅमेरे लावले तर प्रत्येकाचा खर्च आणखी कमी येतो.

सोनं घरात कमीत कमी ठेवा, हे सगळे सांगतात आणि सणाच्या आधी काढून आणलेलं सगळ्यांच्या कपाटात पडून राहतं. कपाटाची चावी कपाटालाच किंवा गादीखाली असते, आमची होती. लॉकर घेतला तर हे माहिती असू द्या की बँक आतल्या वस्तूंचा विमा काढत नाही, रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक अशा वेळी बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट एवढीच, म्हणजे भाडं 2000 असेल तर जास्तीत जास्त 2 लाख. तरी घरापेक्षा तिथे बरं.

विम्याचंही असंच, वाचून घ्या. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल विमा कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, आग, पूर, भूकंप वगैरेला ती चांगली आहे, पण साधी घरफोडी तिच्यात येत नाही, चोरी धरतात ती फक्त अशा एखाद्या आपत्तीनंतर 7 दिवसांच्या आत झालेली. घरफोडीचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. दागिन्यांची बिलं, प्रत्येक दागिन्याचा फोटो, लॅपटॉपचा सिरियल नंबर, मोबाईलचा आयएमईआय नंबर, हे सगळं आजच मोबाईलमध्ये फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. आम्ही पोलिसांसमोर बसून आईच्या पाटल्या किती ग्रॅमच्या होत्या ते आठवत होतो, आईला एकही आकडा सांगता येईना, ती नुसती मनगटाकडे बघत होती.

आणि झालंच काही तर दार उघडं दिसल्यावर आत जाऊ नका, कोणी अजून आत असू शकतं. बाहेरूनच 112 ला फोन करा. कपाटं आवरायला लागू नका, ठसेतज्ज्ञ येईपर्यंत कशाला हात लावू नका, आम्ही येईपर्यंत चार नातेवाईक सगळ्या खोल्यांतून फिरून आले होते आणि त्यात जे काही ठसे होते ते गेले. आता भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातल्या चोरीला कलम 305 आणि घरफोडीला कलम 331 लागतं, एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या, विम्याला तीच लागते. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर करायला सांगा, ती कुठल्याही ठाण्यात होते. मोबाईल गेला असेल तर संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक करा.

दोन-तीन हजार एकदम निघत नसतील तर ह्या महिन्यात फक्त कोयंडा करा, पुढच्या महिन्यात बाथरूमची खिडकी, मग बल्ब. बाहेरची कडी मात्र आज संध्याकाळीच काढा, तिला नुसता स्क्रूड्रायव्हर लागतो.