घरच्या प्रार्थनासभेत ‘अन्य भाषां’चा अभ्यास कसा घ्यावा

बडोद्यात मराठी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला शेजारचे गुजराती कुटुंबही येऊन बसते, हे ध्यानात ठेवूनच ‘अन्य भाषां’च्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याच्या, विषयाची तयारी करावी. सुरुवात अनुभवकथनाने करू नये. अनुभव आधी सांगितला गेला की वचनाला त्याच्या साक्षीला उभे करण्याचा मोह होतो.

प्रथम प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचावा. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत जमलेल्या देशोदेशीच्या यहुद्यांना गालीलकरांच्या तोंडून आपापली जन्मभाषा ऐकू आली, त्यामुळे तिथे दुभाष्याची गरजच पडली नाही. त्यानंतर प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, करिंथकरांस पहिल्या पत्राचे १२ ते १४ हे अध्याय सलग घ्यावेत (लग्नात वाचायचा म्हणून तेरावा वेगळा काढण्याची आपली सवय इथे नडते). करिंथात बोलणाऱ्याचे बोलणे इतरांना कळत नव्हते. म्हणून पौल सांगतो की असा मनुष्य देवाशी बोलतो व स्वतःची उन्नती करतो, मात्र अर्थ सांगितला गेला तरच मंडळीची उन्नती होते.

चौदाव्या अध्यायाच्या २२व्या वचनावर थांबावे. अन्य भाषा विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी चिन्ह आहेत असे तिथे म्हटले आहे, आणि पुढच्याच वचनात बाहेरचा मनुष्य त्या ऐकून तुम्हाला वेडे म्हणेल असेही आहे. पौलाने आधार घेतलेला यशयाचा २८वा अध्याय उघडला की हे कोडे बरेचसे सुटते: सरळ शब्दांत सांगितलेले न ऐकणाऱ्यांशी देव परक्यांच्या बोलीने बोलतो, म्हणजे ते चिन्ह इशाऱ्याचे आहे.

मतभेद थोडक्यात सांगावेत. पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मंडळ्या अन्य भाषेत बोलणे हे पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे चिन्ह मानतात. इतर अनेक जण करिंथकरांस त्याच पत्रातले १२:३० (अध्याय १२, वचन ३०) दाखवून ते काहींनाच मिळणारे कृपादान मानतात. प्रेषितांच्या काळानंतर ते थांबले, असे म्हणणारेही आहेत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली सुरू झालेल्या आत्मिक जागृतीत पुढे अन्य भाषा ऐकू आल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा हा विषय मराठी मंडळीला परका नाही.

सभेत कोणी अन्य भाषेत बोलू लागल्यास त्याला दटावू नये, कारण १४:३९ तशी मनाई करू देत नाही. दोघांनी किंवा फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावे. अर्थ सांगणारा नसेल, तर बोलणाऱ्याने मनात, देवाशी बोलावे. शेवटी १४:१६ हे वचन शेजारच्या काकींना त्यांच्या गुजराती बायबलमधून मोठ्याने वाचायला सांगावे: न कळलेल्या उपकारस्तुतीला आमेन कसे म्हणायचे, हा प्रश्न त्यांच्याच तोंडून सर्वांनी ऐकावा.