अपघातात कायमचे अपंगत्व आले, तर भरपाईचा दावा कसा करावा

घोडबंदर रोडवर किंवा सायन-पनवेल महामार्गावर गाडीने उडवलेल्या माणसाच्या घरात सुरुवातीला एकच हिशोब चालतो : हॉस्पिटलचे बिल किती झाले? दाव्यात मात्र बिल हा बहुतेकदा लहान आकडा असतो. मोठी रक्कम ठरते ती दुखापतीमुळे पुढची कमाई किती बुडणार यावर, आणि ते सिद्ध करायचे ओझे जखमी माणसावरच असते.

पोलीस आणि हॉस्पिटलची नोंद

दाखल होतानाच केस पेपरवर मोटार अपघात अशी नोंद करून घ्या. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून काही जण ‘घरात पाय घसरला’ असे सांगून मोकळे होतात. पुढे विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद काढतो. शिवाय पोलिसांत नोंद असली, तर केंद्राच्या २०२५ च्या योजनेखाली संलग्न हॉस्पिटलात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस मिळू शकतात.

ज्या हद्दीत अपघात झाला त्या ठाण्यातून एफआयआर आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत घ्या, धडक देणाऱ्या गाडीचा नंबर आणि तिच्या विम्याचा तपशील मिळवा. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल अशा दाव्यांचा निकाल देणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागायला संकोच करू नका.

आधी दावा, मग सर्टिफिकेट

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. हाड जुळायला, रॉड बसायला, फिजिओथेरपी संपायला सहा महिने सहज उलटतात. तोवर अपंगत्व किती राहणार हे डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून अर्ज आधी टाका, अपंगत्वाचे सर्टिफिकेट मागाहून जोडता येते. रकमेवरचे व्याजही अर्जाच्या तारखेआधीपासून मिळत नाही, हे दुसरे कारण.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे ठाणेकरांसाठी कोर्ट नाक्यावरच्या जिल्हा न्यायालयात. अपघात झाला ते ठिकाण, तुमचे राहण्याचे किंवा धंद्याचे ठिकाण, नाहीतर प्रतिवादीचा पत्ता, यांपैकी कुठलेही न्यायाधिकरण निवडता येते. खारघर, कामोठे, पनवेल नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत असले तरी जिल्हा रायगड आहे, तेवढे पाहून घ्या.

टक्का शरीराचा नव्हे, कामाचा

इथेच सर्वात जास्त पैसे हातचे जातात. ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोटा आखडलेला कारकून खुर्चीत बसून काम करील, तोच घोटा टेम्पोचालकाची रोजीरोटी घालवू शकतो.

समजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ३४ वर्षांच्या टेम्पोचालकाची कमाई महिना २०,००० होती. वर्षाचे २,४०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वतःच्या धंद्याला भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के धरतात, झाले ३,३६,०००. त्याच्या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो वयावरून ठरलेला आकडा, १६, म्हणजे ५३,७६,०००. आता डॉक्टरांनी अपंगत्व ३० टक्के लिहिले आणि तेवढेच धरले गेले, तर हाती १६,१२,८००. पण गाडी चालवता येत नाही म्हणून न्यायाधिकरणाने कमाईची हानी ७५ टक्के मानली, तर ४०,३२,०००. पाय तोच, कागद वेगळे.

ते कागद कोणते? नेमके कोणते काम करत होता आणि त्यातले आता काय जमत नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. नोकरी असेल तर मालकाचे पत्र, पगाराच्या स्लिपा, नोकरी गेल्याचा किंवा काम बदलल्याचा पुरावा. धंदा असेल तर रिटर्न, बँकेचे स्टेटमेंट, नाहीतर निदान यूपीआयच्या नोंदी. काहीच नसेल तर न्यायाधिकरण कमाई अंदाजाने धरते, आणि तो अंदाज फारसा उदार नसतो. सरकारी रुग्णालयाचे अपंगत्वाचे सर्टिफिकेट नुसते जोडून भागत नाही, उपचार करणारे किंवा तपासणारे डॉक्टर साक्षीला यावे लागतात. त्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तारखेमागून तारीख पडत राहते.

रॉड काढण्याच्या पुढच्या ऑपरेशनचा लेखी अंदाज, कृत्रिम अवयवाचा खर्च, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा पगार, रिक्षाभाडे, वेदना, हेही मागता येते. मेडिक्लेममधून बिल फेडले गेले म्हणून ते मागायचे सोडू नका. ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

सही करण्याआधी

कलम १६४ खाली कुणाचीही चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीचे अडीच लाख मिळू शकतात. गरज असते, मोह होतो. मात्र ठरलेल्या प्रक्रियेने ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. वरच्या टेम्पोचालकाचे गणित आठवून मगच पेन उचला. लोकअदालतीतल्या तडजोडीवरही अपील नसते. अपंगत्वाचे चित्र स्पष्ट होण्याआधी तिथे मिटवणे मला तरी घाईचे वाटते.

वकील ‘मिळेल त्यात इतका टक्का’ म्हणाला, तर तसा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, फी ठरवून लिहून घ्या. अपंग व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

उडवून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर वाट वेगळी : गंभीर दुखापतीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये, अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे. स्वतःचीच गाडी स्वतःच्या चुकीने आदळली, तर समोर कुणी प्रतिवादीच नसतो. अशा वेळी पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का ते काढून बघा. हात, पाय किंवा डोळा गेला असेल तर त्यातूनही रक्कम मिळते.